घडी धरणारा कागद

आलापल्लीत कार्डशीट मागितली की बहुतेक वेळा सल्ला मिळतो, "ताई, जाडच घ्या, भारी दिसते." शुभेच्छापत्राला एवढा सल्ला पुरत नाही. कार्ड उघडायचे असते, मिटायचे असते, त्यावर शाईने लिहायचे असते आणि पाकिटातून लांब जायचे असते. ही चारही कामे कागद करतो का, ते पाहून मी घेते. पहिला मान घडीला. घडीवर कागद फुटला की चित्र कितीही सुंदर असो, कार्ड पहिल्याच दिवशी जुने दिसते.

*

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. झेरॉक्सचा कागद ७०-८०चा, कार्डाला २०० ते ३००चा लागतो. पण हा आकडा जाडी सांगत नाही. २५०चा हातकागद बोटांना जाड आणि मऊ लागतो. २५०चे आर्ट कार्ड त्याहून पातळ निघते, कारण त्यावर लेप असतो आणि ते रुळांखाली दाबलेले असते. आकडा दुकानदाराला विचारावा, निवड बोटांनी करावी.

*

गिरणीत कागद यंत्रावर पळता पळता तयार होतो, त्यामुळे त्यातले धागे बहुतांशी एकाच दिशेने झोपतात. हाच कागदाचा ग्रेन. शीट न मोडता आधी एका बाजूने वाकवावी, मग दुसऱ्या बाजूने. ज्या बाजूने ती सहज वाकते, त्या वाकाच्या रेषेत धागे आहेत. घडी त्याच रेषेत घालावी. आडवी घातली तर धागे तुटतात आणि कड खरबरीत होते.

घडीआधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबून घ्यायची. २०० जीएसएमच्या वर हे टाळूच नये.

*

हिशोब. २२ × २८ इंची कार्डशीट, उघडे कार्ड २० × १३.५ सेंमी, घडी २० सेंमीच्या बाजूच्या मध्यावर. धागे २२ इंचांच्या बाजूने असतील तर १२ कार्डे निघतात. २८ इंचांच्या बाजूने असतील तर घडी नीट येण्यासाठी शीट फिरवून कापावी लागते आणि १० निघतात. ती दोन कार्डे आनंदाने सोडावीत. उरलेल्या पट्ट्यांची भेटवस्तूंवर लावायची नावपत्रे होतात.

*

आपल्या भागात कागदाची गोष्ट जंगलात सुरू होते. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ची, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे तिच्याकडे जात राहिला. बांबूचा धागा सुमारे २ ते ३ मिलिमीटर लांब, निलगिरीचा एक मिलिमीटरच्या आसपास. लांब धाग्याने कागद चिवट होतो आणि घडी सोसतो. आखूड धाग्याने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, छपाई चांगली उठते. आपल्याला दोन्ही हवे, पण एकच मिळणार असेल तर मी चिवटपणा घेईन.

*

या बांबूवर हक्क कोणाचा, हा प्रश्नही इथेच लढला गेला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. पुढे २०१७ साली वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू कायद्याने झाडांच्या यादीतून निघाला. मुलांसोबत कार्डे करताना मी हे सांगते. हातातला कागद कुठून आला आणि त्यासाठी कोण बोलले, हे कळलेले मूल शीट चुरगाळून फेकत नाही.

*

हातकागद. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची, के. बी. जोशी यांनी उभी केलेली. वर्ध्याच्या मगनवाडीतही त्याच काळात ग्रामोद्योग म्हणून हातकागद बनत होता. कच्चा माल सुती चिंध्या आणि कापडाची कात्रणे. कापसाचा धागा लांब आणि जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा, म्हणून असा कागद लवकर पिवळा पडत नाही. चाळणीवर हाताने उचललेल्या तावात धागे सगळीकडे पसरतात, त्यामुळे घडी कोणत्याही बाजूने घालता येते. कापूस पिकवणाऱ्या विदर्भाने हा कागद जवळचा मानावा.

एक काळजी मात्र घ्यावी. कागदाला खळ कमी असेल तर शाई फुटते. कोपऱ्यावर पेनने एक अक्षर लिहून थोडे थांबावे आणि कड पाहावी.

*

वरोऱ्याच्या आनंदवनाची शुभेच्छापत्रे अनेक मराठी घरांत पोहोचली आहेत. बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, आनंदवन तिचेच. समाजाने ज्यांच्या हातांना स्पर्श करायचे टाळले, त्यांच्या हातची वस्तू आपण सणाला घरात आणतो आणि जपून ठेवतो. हाताने केलेल्या कार्डाची थोरवी मला याहून मोठ्या शब्दांत सांगता येणार नाही.

*

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की लाल रंग उतरतो. हे पान कार्डावर दाबून ठसा घेता येतो, पण लेप नसलेल्या कागदावरच. आर्ट कार्डावर रस वरच राहतो आणि पुसला जातो. ठसा उन्हात फिका पडतो, म्हणून असे कार्ड खिडकीपाशी ठेवू नये.

पान घराजवळच्या झाडाचे घ्यावे. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या जुन्या सागवनाला २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले असे ते पहिले. तिथे पाहायला जावे, तोडायला नव्हे.

*

पावसाळ्यात कागद हवेतले पाणी पितो. धागा लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतो, म्हणून शीट एकाच अंगाने वळते. गठ्ठा भिंतीला टेकवून उभा ठेवू नये. प्लास्टिकमध्ये गुंडाळून सपाट ठेवावा, वर वजन. पातळ डिंक सगळीकडे फासला तर कार्ड हमखास वाकते. कार्डाच्या आत वेगळा कागद लावायचा असेल तर तो फक्त घडीलगतच्या कडेवर चिकटवावा.

*

२५० जीएसएमचे २० × १३.५ सेंमी कार्ड पावणेसात ग्रॅम भरते. आत ८०चा कागद सुमारे दोन ग्रॅम, पाकीट चारेक ग्रॅम. एकूण १३. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे सजावटीला सात ग्रॅम उरले. बांबूची पट्टी, दोरा, बिया लावायच्या तर आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहावे. शिवाय पट्टी जाड असेल तर टपालाच्या शिक्क्याखाली पाकीट फाटते.

*

दिवाळीच्या कार्डांसाठी माझी निवड: शाळेतल्या मुलांना लेप नसलेली पांढरी किंवा फिकट रंगाची २२०-२५०ची कार्डशीट. पानांचे ठसे आणि जवळच्या माणसांची कार्डे यासाठी सुती हातकागद. फोटो चिकटवायचा असेल तर ३००, तेही घडीची रेघ दाबूनच. चकचकीत कार्ड नाही, कारण त्यावर पेन घसरते, आणि ज्या कार्डावर आपल्या हाताने चार ओळी लिहिता येत नाहीत ते पाठवण्यात अर्थ नाही.

गठ्ठा घेण्याआधी एक शीट विकत घ्यावी. वाकवून, दुमडून, लिहून पाहावी. तिन्हींत उतरली तरच बाकीच्या घ्याव्यात.