पोरांचा अभ्यास घ्यायला आपण शिकलेलंच असावं असं काही नाही



सोयाबीनच्या शेंगा पक्व व्हायला लागल्यात, दोन-तीन आठवड्यांत काढणी सुरू होईल. आज पिकावर नाही, घरातल्या पोरांवर लिहितोय. कारण काढणी आली की पहिली गैरहजेरी पोरांच्या शाळेत लागते.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला सहा किलोमीटर लांब जावं लागतं. माझी थोरली यंदा सातवीत आणि धाकटा सहावीत. मागच्या काही वर्षांत आमच्या गल्लीतल्या तीन पोरी सातवीनंतर घरीच बसल्या. विचारलं तर सगळे सांगतात, 'लांब पडतं.' पण त्यातली एक मला म्हणाली होती, 'काका, वर्गात काही कळतच नव्हतं.' पोरगी मागं पडली की तिचाच जीव शाळेतून उठतो, मग अंतर हे नुसतं निमित्त होतं.

म्हणून सहावीच्या निकालानंतर थोरली जेव्हा म्हणाली, 'पप्पा, मला टक्केवारी नाही जमत,' तेव्हा पोटात गोळाच आला. हातात एकच वर्ष होतं.

मी बारावी, बायको पाचवी शिकलेली, आई शाळेत कधी गेलीच नाही. चौथीपर्यंत पाढे-उजळणी घरात कोणीही घेतं. सहावी ते आठवीचं पुस्तक मात्र आपल्याला झेपत नाही आणि इथंच बरेच आईबाप हात वर करतात, 'आम्हाला काय कळतंय त्यातलं?' माझं म्हणणं असं, की आपण शिकवायचंच नाही. पोरांना हिशोब द्यायचा आणि त्यांच्याकडून समजून घ्यायचं. आमच्या घरात काय चाललंय ते सांगतो.

१) उगवण चाचणी. मे महिन्यात घरचं बियाणं तपासलं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळीत १०० दाणे थोरलीनं मांडले. सातव्या दिवशी मोजले तर ६० उगवलेले. म्हटलं, 'हे किती टक्के गं?' म्हणाली, '६०. शंभरातले साठच ना!' मग पुढचा प्रश्न टाकला. ७० टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो बियाणं लागतं, मग आपल्याला किती लागेल? आधी तिनं कमी करून सांगितलं. मी गप्प राहिलो. बायको म्हणाली, 'अगं, उगवणार कमी, मग पेरायचं कमी कसं?' पाचवी शिकलेल्या आईचा तो एक प्रश्न! पोरीनं ३० गुणिले ७० भागिले ६० केलं, ३५ किलो आलं. सातवीच्या पुस्तकात याला व्यस्त प्रमाण म्हणतात. पुढं शाळेत तो धडा आला तेव्हा तिला तो ओळखीचा वाटला.

२) पाऊस. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवलाय. धाकटा रोज सकाळी पट्टीनं मिलिमीटर मोजून वहीत लिहितो. एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४,०४७ लिटर पाणी. २५ मिलिमीटर पडला त्या दिवशी गुणाकार करून पोरगं ओरडतच आलं, 'एकरात लाख लिटर!' आता महिन्याची बेरीज आणि स्तंभालेख तो स्वतःच काढतो.

३) व्याज. सरळव्याजही सातवीलाच आहे. एक लाख रुपये, ७ टक्के दर, ९ महिने. व्याज ५,२५० रुपये. तेच गावात शेकडा ३ रुपये महिन्यानं उचलले तर २७,००० रुपये. हा हिशोब थोरलीनं आजीला मोठ्यानं समजावून सांगितला. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!' त्या दिवसापासून पोरीला गणित कशासाठी असतं हे सांगावं लागत नाही.

४) वाचन. रात्री जेवणाआधी दोघांपैकी एकजण आजीला वाचून दाखवतो. कधी इतिहासाचा धडा, कधी ॲग्रोवनमधली बातमी, कधी हवामानाचा सल्ला. आजीचं काम एकच, 'म्हणजे काय रं?' असं विचारायचं. नुसतं घडाघडा वाचणारं पोरगं इथं अडकतं आणि पुन्हा वाचतं. अडाणी माणसाला समजावून सांगता आलं म्हणजे धडा कळला असं समजा.

५) शाळा. गुरुजींना 'आमची पोरगी कशी आहे अभ्यासात?' असं विचारलं तर 'बरी आहे' एवढंच उत्तर मिळतं. 'तिला नेमकं काय जमत नाही?' असं विचारा. मला कळलं, तिचा दशांश अपूर्णांक कच्चा आहे. मग घरी तेच धरलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य आपल्यासारखे पालकच असतात, त्या बैठकीला नुसत्या सहीपुरतं जाऊ नका.

एक गोष्ट ठासून सांगतो. हिशोब पोरांकडे द्यायचा, औषध नाही. फवारणीचं प्रमाण वहीत काढू द्या, पण बाटली, पंप आणि फवारलेलं शेत यापासून त्यांना लांबच ठेवा. आणि 'शेतातच शिकतंय की' म्हणून शाळा बुडवायची नाही. हे सगळं शाळा सांभाळून, दिवसाला अर्धा-पाऊण तास.

थोरली लगेच हुशार झाली असं नाही. शाब्दिक उदाहरणात अजून गडबडते. पण आता 'जमत नाही' म्हणून वही मिटत नाही, 'थांबा, परत बघते' म्हणते. पुढच्या वर्षी तिला एनएमएमएस परीक्षेला बसवायचंय. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या पोरांसाठी ती असते. सातवीत ५५ टक्के हवेत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. 

सहाय्यक कृषी अधिकारी मित्रांना एक विनंती. गावात कामगंध सापळ्याचं प्रात्यक्षिक घ्याल तेव्हा सहावी-सातवीची पोरंही बोलवा. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस ८-१० पतंग दिसले की सावध व्हायचं, ही नोंद पोरं आपल्यापेक्षा नेमानं ठेवतील. यंदा हरभऱ्यात घाटेअळीची नोंदवही मी धाकट्याकडेच देणार आहे.

आणि काढणीचं म्हणाल तर यंदा सोयाबीन गुत्त्यानं द्यायचं ठरवलंय. पैसे थोडे जास्त जातील, पण दोन्ही पोरं त्या दिवसांत शाळेत असतील. तुमच्याकडं काढणीत पोरांच्या शाळेचं कसं करता, ते जरूर सांगा.