बासिमचं बगदाद आणि वाहून गेलेला कालवा

"मामू, ये देखो, तुम्हारा बगदाद," असं म्हणत भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. सुट्टीत आठ दिवस राहायला आला होता, आणि आठही दिवस तो गेम त्याच्यासोबत होता. पडद्यावर संध्याकाळ होती. दजलेचं पाणी, खजुरीची झाडं, मातकट भिंती, बाजारात टांगलेले रंगीत कापडाचे पट्टे, आणि दूर गोल शहरातला हिरवा घुमट. तेवढ्यात गेममध्ये अजान सुरू झाली. माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "मगरिब हो गई क्या इतने में?"

कबूल करतो, मी हरखलो. उर्दू शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात बगदाद लहानपणापासून असतं, अलिफ लैलातून आलेलं, हारून रशीदच्या गोष्टींतून आलेलं. ते असं चालताबोलता, गल्लीबोळांसकट दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी बसून गेम पाहू लागलो. मध्ये मध्ये हातातही घेतला, पण माझा बासिम दर दोन मिनिटांनी गच्चीवरून खाली पडायचा, म्हणून भाचाच पुढे नेत राहिला. (कथा फोडल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं.)

गेमचं नाव 'असॅसिन्स क्रीड मिराज'. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आणला. या मालिकेतले याआधीचे मोठे तीन गेम रोल-प्लेइंग पद्धतीचे होते. त्यातल्या शेवटच्या दोघांत आपलं पात्र काय बोलेल, कुणाची बाजू घेईल हे बरंचसं खेळणारा ठरवत असे. 'मिराज'मध्ये ते काढून टाकलंय. यात बासिम ठरलेलं बोलतो, आपण भिंती चढायच्या, लपायचं आणि सुरा चालवायचा. काळ इ.स. ८६१, खलिफा मुतवक्किलचा खून झाला ते वर्ष. बासिम हा रस्त्यावरचा चोर. एका गुप्त संघटनेत जातो, रोशन नावाच्या करारी उस्तादणीकडून शिकतो आणि मुखवटे घालून बगदाद पोखरणाऱ्या दुसऱ्या गुप्त टोळीतल्या एकेकाला शोधून मारतो.

शहर उभं करायला त्यांनी घेतलेली मेहनत खोटी नाही. जागोजागी इतिहासाच्या नोंदी आहेत, त्याही अभ्यासकांना सोबत घेऊन लिहिलेल्या. कागद कसा बनायचा, हमाम कसे चालायचे, टपाल कसं जायचं. आमच्या शाळेतल्या कितीतरी पाठांपेक्षा त्या नोंदी चांगल्या आहेत, हे मी मास्तर असून म्हणतो. माझी तक्रार वेगळी आहे. जे जे खरं आणि रोचक आहे ते सगळं या नोंदींत नेऊन ठेवलंय, आणि कथेत उरलेत मुखवटे. धागा शोधा, माणूस गाठा, मारा, पुन्हा नवा धागा शोधा. तिसरा मुखवटा उतरला तेव्हा मी भाच्याला पहिल्याचं नाव विचारलं. त्याला आठवेना. मलाही आठवलं नाही.

खलिफाच्या खुनाचंच बघा. गेममध्ये बासिम आणि त्याची मैत्रीण नेहाल चोरीसाठी महालात शिरतात, खलिफा अचानक समोर येतो, झटापट होते आणि नेहाल त्याला भोसकते. संपलं. प्रत्यक्षात ८६१च्या डिसेंबरात सामर्राच्या महालात जे घडलं ते तबरीसारख्या इतिहासकाराने तपशिलाने नोंदवलंय. बापाने थोरल्या मुलाचा, मुंतसिरचा, दरबारात चारचौघांत अपमान करणं. तुर्की सरदार वसीफच्या जमिनी जप्त करायचा हुकूम. मग एका रात्री मैफल सुरू असताना पहारेकऱ्यांनीच आत शिरून खलिफाला तोडणं. त्याला वाचवायला मध्ये पडलेला दरबारी फतह इब्न खाकान तिथेच मारला गेला. हा फतह पुस्तकांचा इतका वेडा, की अस्तनीत कायम एखादं पुस्तक असायचं आणि खलिफा जरा उठून गेला की तो ते काढून वाचत बसायचा, असं सांगतात. बुहतुरी हा मोठा कवी त्या रात्री हजर होता, त्याने पुढे खलिफावर मरसिया लिहिला. बाप, मुलगा, जमीन, पहारा, वाचणारा दरबारी, कवी. एवढं सगळं हातात असताना कथेने काय निवडलं, तर चोरी फसली म्हणून सुरा.

पण मला खरी चुटपुट लागली ती एका कालव्याची.

बनू मूसा, म्हणजे मूसाची तीन मुलं, मुहम्मद, अहमद आणि हसन. बगदादचे नामांकित गणिती आणि कारागीर. त्यांच्या 'किताब अल-हियल'मध्ये शंभरेक यंत्रं वर्णिली आहेत, आपोआप बदलणारी कारंजी, स्वतःची वात स्वतः पुढे सरकवणारा दिवा. यातला अहमद गेममध्ये आहे. सज्जन, संकटात सापडलेला, बासिमच्या बाजूचा विद्वान. मूर्ती छान घडवलीय. पण इब्न अबी उसैबिया या १३व्या शतकातल्या चरित्रकाराने मुहम्मद आणि अहमदची जी हकीकत दिलीय, ती वाचली की ही मूर्ती फारच गुळगुळीत वाटू लागते.

हे दोघे भाऊ दुसऱ्या विद्वानाला टिकू देत नसत. सनद इब्न अली या ज्योतिर्विदाला त्यांनी खलिफापासून दूर बगदादला पाठवायला लावलं. तत्त्वज्ञ अल-किंदी, ज्याने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला, त्याच्याविरुद्ध असे कान भरले की मुतवक्किलने त्याला मारहाण करवली. त्याचा सगळा ग्रंथसंग्रह या भावांनी उचलून नेला आणि वेगळ्या कोठीत बंद केला. पुढे खलिफाने सामर्राजवळ नवं शहर वसवायला घेतलं आणि त्यासाठी कालवा खोदायचं काम या दोघांवर सोपवलं. त्यांनी ते अल-फर्गानीकडे दिलं. खगोलाचा हा फार मोठा जाणकार, पण इथे चुकला. कालव्याचं तोंड बाकीच्या कालव्यापेक्षा खोल खोदलं गेलं. म्हणजे नदी भरून वाहत असेल तरच पाणी पुढे जाणार, एरवी तोंडाशीच अडणार.

खलिफाच्या कानावर गेलं. त्याने सनदला बगदादहून बोलावून घेतलं आणि तपास करायला सांगितलं. चूक खरी ठरली तर दोघा भावांना त्याच कालव्याच्या काठावर सुळी द्यायचं ठरलं होतं. ज्याला हाकललं, त्याच्याच हातात आता त्यांचा जीव. भाऊ गयावया करू लागले. सनद म्हणाला, माझं आणि अल-किंदीचं पटत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही त्याच्याशी केलंत ते न्यायाचं होतं का? त्याची पुस्तकं परत जाईपर्यंत मी तुमच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. पुस्तकं गेली. सगळी पोचल्याचा अल-किंदीच्या हातचा कागद आला. तेव्हा सनदने सांगितलं, दजलेला पूर आहे, चार महिने कालव्यातला दोष कुणाला दिसणार नाही, आणि ज्योतिषी म्हणतात की खलिफा तेवढे दिवस काढणार नाही. मग खलिफासमोर जाऊन तो कालवा निर्दोष आहे म्हणाला. दोन महिन्यांनी मुतवक्किलचा खून झाला.

म्हणजे ज्या सुऱ्याने गेम सुरू होतो, त्याच सुऱ्याने हे दोघे भाऊ वाचले. वर्ष तेच, खलिफा तोच, अहमद तोच! जप्त झालेली पुस्तकं एका कोठीत, आणि ती काढायला भिंतीवर चढणारा एक चोर, एवढंच तर हवं होतं. पुराचं पाणी रोज थोडं उतरतंय, आणि खेळणाऱ्याने ठरवायचं की खलिफाला खरं सांगायचं की दोन विद्वानांचा जीव राखायचा. रोल-प्लेइंग याहून वेगळं काय असतं? अल-किंदी पात्र म्हणून मला तरी गेममध्ये कुठे भेटला नाही. लेखक जाहिझ भेटतो, हरवलेली पुस्तकं शोधून आणून त्याला द्यायची असतात. किती पुस्तकं दिली याचा हिशोब ठेवला जातो, त्यांत काय आहे याचा कथेशी संबंध नाही.

आता जिनबद्दल. बासिमला झोपेत एक जिन छळतो. सुरुवातीला मी सावरून बसलो. जिन आमच्या घरातला विषय आहे. भरदुपारी चिंचेखाली जाऊ नकोस इथपासून सुरुवात होते, आणि कुरआनात तर त्यांच्या नावाची सूरत आहे. वाटलं, एका बगदादी पोराच्या मनातली भीती, अपराध, श्रद्धा हे सगळं या जिनातून उलगडेल. शेवटी कळतं की नेहाल वेगळी कुणी नाहीच, ती बासिमचाच तुटलेला भाग. जिन ही कुण्या आधीच्या जन्मातल्या कैदेची आठवण. आणि तो आधीचा जन्म कुणाचा? लोकीचा. नॉर्वेकडच्या दंतकथांतला लोकी. हे मालिकेतल्या आधीच्या 'वलहाला' गेममध्ये ठरून गेलेलं होतं, 'मिराज'ने ते फक्त जुळवून घेतलं. ज्याने 'वलहाला' खेळलेला नाही त्याला शेवट कळतच नाही. मी खेळलो नव्हतो. भाच्याने वीस मिनिटं समजावून सांगितलं.

मला ते लागलं. एवढ्या मोठ्या मालिकेत बगदादचा एक मुलगा नायक झाला, अरबी नाव, अरबी शहर, अजान, सगळं. आणि आतून तो निघाला उत्तरेकडचा देव. त्याचं दुःखही त्याचं स्वतःचं नाही. मुसलमान पात्र वाईट दाखवलं की आपण लगेच ओरडतो. इथे कुणी वाईट दाखवलेलं नाही, सगळं आदराने केलंय, म्हणून काय बोचतंय हे सांगायला मलाही दोन दिवस लागले.

भाच्याला हे पटलं नाही. "मामू, गेम है, इम्तिहान नहीं," तो म्हणाला. त्याला गच्च्यांवरून धावायला आवडतं आणि धावणं छान जमवलंय, हे मी मान्य केलं. रात्री वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी आधीच उतरलेली. आम्ही अंगणात बसलो आणि मी त्याला कालव्याची हकीकत सांगितली. पुस्तकं परत गेली तिथे तो काही बोलला नाही. खलिफा मेला म्हटल्यावर मात्र विचारलं, "और नहर का क्या हुआ?"

सांगितलं, मुंतसिर गादीवर आला, त्याने बापाचं नवं शहर सोडून दरबार परत सामर्राला नेला, आणि सहा महिन्यांत तोही गेला.

"मतलब पानी आया ही नहीं?"

"पूर होता तोवर आलं असेल," मी म्हटलं.