दुसऱ्याचे खोडताना

आम्ही मराठी शिकवतो. दुसऱ्याने लिहिलेले खोडणे हा आमच्या पेशाचा अर्धा भाग, आणि आपले कोणी खोडले की रुसून बसणे हा उरलेला अर्धा. त्यामुळे काही वर्षांपूर्वी मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या शब्दसंग्रहाची देखरेख आमच्याकडे आली, तेव्हा ह्या कामाचे शिष्टाचार नव्याने शिकावे लागतील असे आम्हांस वाटले नव्हते.

अशा प्रकल्पांत बहुधा गिट नावाची प्रणाली वापरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी रचली. प्रत्येक बदलाची तीत नोंद राहते: कोणी केला, केव्हा, आणि लेखकाने लिहिले असेल तर कशासाठी. एखादा बदल नको असेल तर तो 'रिव्हर्ट' करता येतो. गंमत अशी, की रिव्हर्ट म्हणजे खोडरबर नव्हे. मूळ नोंद जागची हलत नाही. तिच्या नेमकी उलट अशी दुसरी नोंद पुढे चढते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पण त्यांनी काय काय काढले त्याची यादी आपल्या हाती नाही. गिटमध्ये काढलेलेही टिकते आणि काढणाराही. म्हणूनच तिथे खोडण्याला शिष्टाचार लागतो.

एके दिवशी एका अनोळखी मुलाने पाठविलेला बदल आमच्या सहकाऱ्याने संग्रहात घेतला. दुसऱ्या सकाळी आम्ही जुने-नवे शेजारी लावून पाहिले. डावीकडे 'दऱ्या', उजवीकडेही 'दऱ्या'. डावीकडे 'वाऱ्यावर', उजवीकडे 'वाऱ्यावर'. शेकडो ओळी अशाच. सोबतच्या टिपणात दोनच शब्द होते : 'र दुरुस्त'. कोणीतरी पोरखेळ केला, असे ठरवून आम्ही सारे एका फटक्यात उलटवले. कारणाच्या जागी प्रणाली आपणहून जे वाक्य घालते तेच राहू दिले. त्याचा अर्थ एवढाच, की अमुक नोंद उलटवली आहे. मुलाने विचारले, "काय चुकले ते कळेल का?" नवव्या दिवशी आम्ही उत्तर दिले, "कृपया अनावश्यक बदल करू नयेत."

बदल अनावश्यक नव्हता. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद आम्ही वर्गात दरवर्षी रंगवून सांगतो. पण ह्या दुसऱ्या र-चे संगणकाच्या पोटात काय होते, ते आम्हांस ठाऊक नव्हते. तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक, साधा र, हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. दुसरी, खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. युनिकोडच्या मानकात दोन्ही ग्राह्य आहेत, मात्र जोडचिन्हाची रीत १९९६ च्या २.० ह्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द. संग्रहात एक रीत आणि लिहिणाऱ्याच्या बोटांत दुसरी, म्हणून 'दुसऱ्या' हा धडधडीत शुद्ध शब्दही तांबड्या रेघेखाली जाई. शिवाय ते अदृश्य चिन्ह नकलताना कुठे गळले, तर दऱ्यांचा दर्या होतो. मुलगा हेच निस्तरत होता. त्याने दोन शब्दांऐवजी दोन वाक्ये लिहिली असती तर बरे झाले असते, हे खरे. पण तो नवा होता, आम्ही नव्हतो.

खोडण्याची चांगली रीत पाहायची तर लिनक्सच्या ५.३ ह्या आवृत्तीकडे पाहावे. सप्टेंबर २०१९ मध्ये ती बाहेर पडता पडता टोरवाल्ड्स यांनी फाइल-व्यवस्थेतला एक बदल उलटवला. त्या बदलाने डिस्कवरचे वाचन अधिक सुटसुटीत झाले होते. झाले असे, की डिस्कच्या धांदलीतून यंत्रणेला जी यादृच्छिकता मिळे ती त्यामुळे आटली, आणि तिची वाट पाहत काही यंत्रे सुरू होतानाच अडून बसली. टोरवाल्ड्स यांनी आवृत्तीच्या घोषणेतच सांगितले, की उलटवलेला बदल स्वतः चांगला आहे, दोष अन्यत्र आहे. पण वापरणाऱ्याचे चालते काम बंद पडता कामा नये, म्हणून तूर्त मागे घेतला. ५.४ मध्ये यादृच्छिकतेची सोय झाली आणि तो बदल परत आला. हे गृहस्थ सौजन्यासाठी प्रसिद्ध नाहीत. आदल्याच वर्षी आपल्या तिखट भाषेबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली होती. तरी ह्या प्रसंगी लेखकाची अब्रू आणि बदलाचे भवितव्य, दोन्ही त्यांनी शाबूत ठेवले.

एलएलव्हीएम ह्या प्रकल्पात तर रिव्हर्ट ही रोजची गोष्ट मानतात; मोडलेले आधी जागेवर आणावे, वाद मागाहून. मात्र कारण सांगावे, आणि बिघाड लेखकाला करून पाहता यावा इतपत पुरावा द्यावा. दोन तासांपूर्वीचा बदल न विचारता उलटवला तरी चालेल, दोन वर्षांपूर्वीचा नव्हे, असे त्यांचे धोरण आहे. आमचा बदल एका रात्रीचा होता, तेव्हा घाईबद्दल आम्हांस कोणी बोल लावला नसता. मौनाबद्दल लावता आला असता. आणि आमच्याकडे काही मोडलेही नव्हते.

काही महिन्यांनी तांबड्या रेघेची तक्रार पुन्हा आली, तेव्हा एका जाणकार मित्राने त्या ओळी चिन्हांच्या क्रमांकांसह उघडून दाखविल्या. आम्ही उलटवलेले पुन्हा उलटवले. (नोव्हेंबर २०२३ पासून गिट अशा नोंदीला 'उलटवण्याचे उलटवणे' न म्हणता 'पुन्हा लागू' अशा अर्थाचे शीर्षक देते, ते बरे वाटते.) ह्या खेपेस अकरा ओळींचे टिपण लिहिले, दोष आमचा असे त्यात म्हटले, मुलाचे नाव घातले, त्याला वेगळे पत्रही पाठविले. उत्तर आले नाही.

एक गोष्ट आम्हांस फार उशिरा समजली. उलटवलेले पुन्हा उलटवले, की नवी नोंद उलटवणाऱ्याच्या नावावर चढते. त्याऐवजी मुलाची मूळ नोंदच उचलून पुन्हा लावली असती, तर लेखक म्हणून त्याचेच नाव राहिले असते. तशी सोय गिटमध्ये आहे. आता 'दुसऱ्या' ही ओळ कोणी लिहिली असे त्या संग्रहाला विचारले, तर तो आमचे नाव सांगतो.