सहा माणसांचा तंबू

तंबूच्या खोक्यावर माणसांचा आकडा छापलेला असतो. दोन, चार, सहा, आठ. त्या आकड्यावर विश्वास ठेवून मी पहिला तंबू ऑनलाइन मागवला. आणि डिसेंबरातल्या एका रात्री साडेतीन वाजता, पवना धरणाच्या काठी, आम्ही चौघं त्या ‘चार माणसांच्या’ तंबूतून उठलो आणि गाडीत जाऊन झोपलो.

पाऊस नव्हता. तरी आतून सगळं ओलं झालं होतं. पांघरुणं, उशा, धाकट्याचे पाय. मला वाटलं तंबू गळतोय. नंतर कळलं, ते आमचंच पाणी होतं. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड कापडाला लागते आणि तिचे थेंब होतात. तंबूला एकच थर, खिडक्या थंडी म्हणून घट्ट बंद, आणि चौघांपैकी कोणी ना कोणी सतत कापडाला चिकटलेलं. दुसरं काय होणार?

पण खरी गोष्ट घरी परतल्यावर झाली. आई आमच्याबरोबर आली नव्हती. ती कुठेच येत नाही. “तुम्ही जा, मी घर बघते,” हे तिचं ठरलेलं वाक्य. गेल्या वर्षी तिचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हापासून तर आम्हीही आग्रह करायचं सोडलं होतं. मोबाइलवर फोटो बघताना तिने तंबूचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं, “आत जाताना रांगत जावं लागतं का रे?”

“हो.”

“मग बरं झालं, नाही आले ते.”

एवढंच. त्यात ना तक्रार, ना टोमणा. पण मला ते लागलं. तिला यायचं नव्हतं असं नाही. तिला येता येईल असं दारच मी विकत घेतलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या तंबूची एकच अट ठरवली: आई उभ्याने आत जायला हवी आणि उभ्यानेच बाहेर यायला हवी.

ही एक अट धरली की बाकीचं सगळं तिच्यामागून येतं. आधी मी नुसती उंची बघत होतो. घुमटासारख्या तंबूंवर ‘सहा फूट’ लिहिलेलं असतं, पण ते फक्त मधोमध. तिथून चार पावलं टाकली की डोकं छताला लागतं. याउलट घरासारख्या आकाराच्या, जवळजवळ सरळ भिंतींच्या तंबूत कडेपर्यंत उभं राहता येतं. आईला जमिनीवर बसायला मनाई आहे, म्हणजे तिच्यासाठी घडीची खाट हवी. खाट साधारण सव्वासहा फूट लांब, दीड फूट उंच. घुमटात ती भिंतीला लावली तर झोपणाऱ्याचं नाक कापडाला टेकणार. म्हणजे भिंती सरळच हव्यात.

मग उंबरठा. तंबूचा तळ बादलीसारखा कडेने वर वळवलेला असतो, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून. दाराशी ती कड चार-सहा इंच उंच राहते. मला ती कधी दिसलीही नव्हती. आईच्या पायाने बघायला लागल्यावर दिसली. काही तंबूंत दाराजवळची ही कड खाली पाडता येते.

वजनाची चिंता मात्र सोडून दिली. पाठीवर नेणाऱ्याला प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो. आपण गाडीपासून वीस पावलांवर तंबू लावणार, तो पंधरा किलोचा असला तरी काय बिघडतं? मोजायची असते ती गुंडाळलेल्या तंबूची लांबी. आमच्या छोट्या गाडीच्या डिकीत तो आडवा बसायला हवा. आणि दोन थर हवेत: आत जाळीचा, वर पाण्याचा. म्हणजे श्वासाची वाफ जाळीतून वर जाते, बाहेरच्या थराला लागते आणि तिथून ओघळून बाहेर पडते. कापडावर लिहिलेले मिलिमीटरचे आकडेही समजून घेतले. २००० मिलिमीटर म्हणजे दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत कापड ठिबकत नाही. जानेवारीत जायचं तर तेवढं खूप झालं.

साताऱ्याकडच्या मामाला फोन केला. मामा दरवर्षी वारीला जातो आणि दिंडीच्या ट्रकबरोबर पुढे पोचून राहुट्या ठोकणाऱ्यांत असतो. त्याने आकडेबिकडे विचारले नाहीत. म्हणाला, “दार वाऱ्याकडं करू नको. खोलगट जागा दिसाय चांगली, पर निजाय वाईट. आणि तणावं सगळं बांध. लोक चार मेखा मारत्यात आणि जेवाय बसत्यात.” मी तोवर त्या दोऱ्यांना नुसतं ‘दोऱ्या’ म्हणत होतो. तणावा हा शब्द मला मामाने दिला. सरळ भिंतींचा तंबू वाऱ्याला छाती देतो, म्हणून त्याला तणावे जास्त लागतात, हेही त्यानेच सांगितलं.

शेवटी दोन तंबू उरले. एक सहा माणसांचा, दहा फूट बाय नऊ, एकच खोली. दुसरा आठ माणसांचा, चौदा बाय नऊ, मधे पडदा ओढून दोन खोल्या करता येणारा. जाणकारांचा नियम असा की छापील आकड्यातून दोन वजा करायचे. कारण कंपनी माणशी जेमतेम दीड-दोन फूट रुंदीची पट्टी धरते, त्यात सामान नाही आणि कूस बदलणंही नाही. आम्ही पाच जण. म्हणजे आठचाच घ्यायचा. शिवाय आईला स्वतंत्र खोली मिळेल. मी मनातून तो घेऊनच टाकला होता.

रविवारी सकाळी आईला पार्किंगमध्ये घेऊन गेलो. आखायला खडू शोधत होतो, तर आई म्हणाली, “थांब,” आणि वर जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आली. मी टेप धरली, आईने उभ्याउभ्याच वरून रांगोळी सोडली, मुलीने रेघा सरळ केल्या. दोन चौकोन तयार झाले. वॉचमनकाका खुर्ची घेऊन आले, आई छोट्या चौकोनात खुर्चीवर बसली आणि हुकूम सुटायला लागले. “माझी खाट इथे, दाराशी. तुम्ही दोघं तिकडे आडवे. पोरं मधे. चपला बाहेर, पण पावलागणिक सापडतील अशा. सामान पायथ्याशी, उशाशी नाही.” दोन मिनिटांत पाच माणसं बसली, वर सामानही मावलं.

मी विसरलोच होतो की हे कोणासमोर चाललंय. आई लग्न करून नायगावच्या बीडीडी चाळीत आली. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तंबूवाल्यांच्या हिशेबाने माणशी पंधरा चौरस फूट धरले तर ती दहा माणसांची होते. ते राहायचे आठ जण, आणि त्यातच मोरी, स्टो, कपाट, देव्हारा. संडास मजल्याच्या टोकाला. “माझं अंथरूण दाराशीच असायचं,” आई म्हणाली. “सगळ्यांत आधी उठायला लागायचं ना, कोणाच्या अंगावरून जावं लागू नये.”

मी मोठ्या चौकोनातली मधली रेघ दाखवली. “हा घेतला तर पडदा लावून तुला वेगळी खोली होईल.”

“मला कशाला वेगळी खोली? ती घरी आहेच की.”

बाबा गेल्याला तीन वर्षं झाली. दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली एक खोली आईची आहे. आम्ही तिला हवा, उजेड, टीव्ही, सगळं दिलंय. त्या खोलीत तिला झोप लागते का, हे मात्र मी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. सहाचा तंबू घेतला.

जागा निवडताना आधी तंबू नाही, संडास बघितला. भंडारदऱ्याच्या काठावर, शेंडी गावाजवळ एकांच्या शेतात तंबू लावायला जागा मिळाली, त्यांच्या घरी कमोड होता. नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर असे थांबत थांबत पोचलो. मामाने सांगितलं तसं दार वाऱ्याच्या पाठीला केलं, सगळे तणावे बांधले, वरच्या झडपा थंडीतही उघड्या ठेवल्या. आई आत गेली. उभ्याने. आत जाऊन पदर नीट केला, चारी भिंतींना हात लावून बघितला आणि म्हणाली, “खुंटी नाही रे कुठे.”

रात्री कधीतरी जाग आली. आई खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती.

“काय झालं?”

“काही नाही. धाकटा घोरतोय, ऐक. अगदी ह्यांच्यासारखा.”

मी उठायला लागलो तर तिने हातानेच थांबवलं. टॉर्च घेतला, काठी घेतली, चेन खाली ओढली आणि पडलेली कड ओलांडून बाहेर गेली. मी टॉर्चचा उजेड त्या घरापर्यंत जाताना आणि परत येताना बघितला. त्यानंतर ती झोपली ती साडेसातपर्यंत. आमच्या घरी पाचला उठणारी बाई.

सकाळी बाहेरच्या थरावरून दव निथळत होतं, आतली पांघरुणं कोरडी होती.

तंबू ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरतो, म्हणून घरी आल्यावर दोन दिवस गच्चीवर वाळत घातला. पापड उचलायला आलेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं, “केवढा हा! किती माणसांचा?”

मी वजाबाकीचा नियम सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “लिहिलंय सहा. पण आठ मावतील. पुढच्या वेळी तुम्ही या.”