स्वच्छ प्रत

संहितेच्या अभ्यासकाला आयुष्यभर एकच भीती असते, ती प्रत नष्ट होण्याची. वाळवी, दमट हवा, आग, पूर आणि वारसांची घाई ही त्या नाशाची परिचित कारणे. माझ्या घरातील काही प्रती अलीकडे नष्ट झाल्या, त्या मात्र यांपैकी कशानेही नव्हे. त्या सफाईत गेल्या. आणि त्या सफाईला संमती मी स्वतः दिली होती.

२०२२ च्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप फार मंद चालू लागला. एका परिचित तरुणाने त्यात सफाईची एक आज्ञावली बसवून दिली. दर महिन्याला ती आपण होऊन चाले, अनावश्यक फायली शोधून काढी आणि शेवटी किती जागा मोकळी झाली याचा आकडा दाखवी. पहिल्या वेळी तिने काय काय काढावयाचे याची एक यादी माझ्यापुढे ठेवली होती. प्रत्येक नोंदीपुढच्या चौकोनात खूण आधीच केलेली होती. त्यांत ‘जुन्या राखीव फायली’ अशीही एक नोंद होती, हे मला नंतर कळले. पोथीतील एका अनुस्वारासाठी आठवडा खर्ची घालणाऱ्या मी ती यादी न वाचताच ‘होय’ म्हटले.

त्या फायली माझ्या पत्नीने केलेल्या होत्या. ती एका शासकीय कार्यालयात टंकलेखिका होती आणि १९८० नंतरच्या दशकाअखेरीस तिथे संगणक आला तेव्हा ती ‘वर्डस्टार’वर काम करावयास शिकली. त्या आज्ञावलीची एक रीत होती: मजकुरात बदल करून तो जतन केला की आधीची प्रत पुसली न जाता नावापुढे ‘बीएके’ ही अक्षरे लावून बाजूला राखली जाई. पुढे १९९८ साली आमच्या घरी संगणक आला, आज्ञावली बदलली, तरी तिने ही रीत सोडली नाही. माझे हस्तलिखित टंकित करताना प्रत्येक टप्प्यावरची जुनी प्रत ती स्वहस्ते त्याच नावाने राखून ठेवी. सफाई करणाऱ्या यंत्राला फाईल वाचावी लागत नाही. नावाचे शेपूट आणि तारीख पाहून ते निर्णय घेते. त्याच्या हिशेबी ‘बीएके’ म्हणजे अडगळ, आणि वर्षानुवर्षे न उघडलेली ‘बीएके’ म्हणजे निःसंशय अडगळ.

मी त्या उघडल्या नव्हत्या हे खरे. तो मजकूर युनिकोडपूर्व काळातील एका फाँटमध्ये होता. तो फाँट नव्या लॅपटॉपवर नसल्याने पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसे. कधीतरी सवडीने ते सारे रूपांतरित करून घेऊ, असे म्हणत मी दिवस ढकलले. जुना संगणक २०१९ मध्ये भंगारात दिला, तो फायली नव्यावर उतरवून घेतल्याच्या विश्वासाने. आता कळते की त्या दिवसापासून त्या फायली राखीव राहिल्याच नव्हत्या. त्या एकमेव झाल्या होत्या. जिची दुसरी जोड उरली नाही त्या प्रतीला राखीव म्हणणे ही भाषेची चूक आहे, आणि भाषेच्या चुका शोधण्यातच माझा जन्म गेला आहे.

फायली परत मिळविण्याचे प्रयत्न झाले. जाणकारांनी समजावून सांगितले की जुन्या फिरत्या चकतीवर फाईल पुसली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी जाई. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राही. आजच्या लॅपटॉपमधील चकतीविरहित साठा मोकळी झालेली जागा पुढील लेखनासाठी स्वतःच रिकामी करून ठेवतो. तिथे अवशेष म्हणून काही उरतच नाही. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत हरवली, तेव्हा अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली आणि एकाचे अनेक पाठ झाले. तिथे निदान स्मरण करणारे अनेक होते.

कुणी म्हणेल, यात गेले काय? ग्रंथ तर २००३ मध्ये छापून झाला आणि ग्रंथालयांत आहे. प्रश्न रास्त आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली. ते काम प्रत्येक ओवी वाचून केलेले होते. तरीही त्यांच्यापुढे कोणते पाठ होते आणि त्यांनी कोणते सोडले, हे जाणण्याची अभ्यासकाची तहान अजून शमलेली नाही. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर संस्थेने ‘महाभारता’ची चिकित्सक आवृत्ती १९६६ पर्यंत पूर्ण केली, तेव्हा न स्वीकारलेले पाठ फेकून दिले नाहीत, ते पानाच्या तळाशी उतरवले. दोन प्रती सारख्या दिसतात तिथे यंत्राला पुनरुक्ती दिसते. संपादकाचे काम तिथेच सुरू होते, कारण त्या कुठे वेगळ्या आहेत हे त्याला पाहावयाचे असते.

पत्नीच्या प्रती छापील ग्रंथाहून कुठे वेगळ्या होत्या, हे सांगणे मला जड जाते. टंकित करताना तिला जे खटके ते ती मजकुरातच चौकोनी कंस टाकून लिहून ठेवी. मी ते कंस वाची, कधी चिडे, कधी परिच्छेद नव्याने लिही, आणि छपाईला देण्यापूर्वी सारे कंस काढून टाकी. मुद्रकाला स्वच्छ प्रत हवी असे. जनाबाईवरील प्रकरणात मी भक्तिभावाचे सविस्तर विवेचन केले होते. तिथे तिने विचारले होते की दळणाचा उल्लेख एकदाच का. जनी तर रोज दळत होती. त्या एका कंसामुळे मी अर्धे प्रकरण पुन्हा लिहिले. श्रमाच्या जाणिवेकडे लक्ष वेधणारे म्हणून पुढे त्याच प्रकरणाची प्रशंसा झाली आणि ती मी मुकाट्याने स्वीकारली. ग्रंथाच्या प्रस्तावनेत पत्नीचा उल्लेख आहे: सुबक टंकलेखनाबद्दल आभार.

२०१७ मध्ये ती गेली. दुसऱ्या आवृत्तीचा विचार निघाला तेव्हा ते सारे कंस तळटीपा म्हणून छापावयाचे मी ठरवले. त्यासाठी फायली शोधू लागलो आणि त्या नाहीत हे तेव्हा उमगले. तेव्हा सफाईच्या आज्ञावलीवर रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही. तिने एकदा केले ते मी अकरा वर्षे करीत होतो, आणि तेही वाचून.

दुसऱ्या आवृत्तीत आता अशा तीनच तळटीपा असतील. तेवढेच प्रश्न मला आठवतात. प्रत्येकीपुढे ‘स्मरणावरून’ असे नमूद केले आहे. जनाबाईवरील टिपेत एक अडचण उरली आहे. तिने ‘जनी रोज दळत होती’ असे लिहिले होते की ‘बाई रोज दळत होती’, हे मला खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही पाठ दिले आहेत.