हिरवा दिवा, मुका स्पीकर

डिजिटल वॉकीटॉकीवरचा हिरवा दिवा पेटला, म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलतंय. आणि तरी स्पीकर मुका. जुन्या अ‍ॅनालॉग सेटमध्ये असं कोडं पडत नसे. टोन चुकलेला असला, तरी मॉनिटरचं बटण दाबलं की खरखरीतून का होईना, समोरचा ऐकू यायचा आणि घोळ कुठे आहे ते कानच सांगायचा. डिजिटलमध्ये जुळलं तर आवाज खणखणीत, एक आकडा चुकला तर काहीच नाही. चॅनल भरणाऱ्याचा निम्मा वेळ या ‘काहीच नाही’चा अर्थ लावण्यात जातो.

मी पारोळ्यातला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साइन घेतली, ती निव्वळ हौसेपायी. पण गावात एकदा ‘याला वायरलेसमधलं कळतं’ अशी बोलवा झाली, की लोक सेट घेऊन दारात येतात. ‘भाऊ, चॅनल टाकी द्या.’ म्हणजे एक फ्रिक्वेन्सी टाकली की झालं, असा समज.

डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओमध्ये फ्रिक्वेन्सी ही फक्त सुरुवात. युरोपातल्या एट्सी या संस्थेने २००५ मध्ये हे मानक आणलं. त्यात रिपीटरवरून १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात दोन संभाषणं चालतात, ३० मिलिसेकंदांच्या पाळ्या लावून. त्यामुळे स्लॉट १ की २, हे सांगावं लागतं. मग कलर कोड, ० ते १५. त्याच फ्रिक्वेन्सीवरचं दूरचं परकं बोलणं आपल्यात घुसू नये म्हणून. मग टॉकग्रुप, म्हणजे कुठल्या गटाशी बोलायचं त्याचा आकडा. आणि सगळ्यात चोरटी ती ऐकण्याच्या ग्रुपची यादी. बोलायचा टॉकग्रुप सगळे भरतात, पण काही सेटना तोच ग्रुप या यादीतही लागतो आणि तिथे तो टाकायचा राहतो. मग तुमचं सगळ्यांना जातं, तुम्हाला मात्र कुणाचं येत नाही. असा माणूस सेट आपटतो, बॅटरी बदलतो, शेवटी कंपनीला शिव्या घालतो.

माझी रीत अशी. दोन सेट टेबलावर शेजारी ठेवायचे नाहीत, इतक्या जवळून रिसीव्हर दबून जातो. एक वरच्या गच्चीवर पाठवायचा. दिवाच पेटत नसेल तर आधी फ्रिक्वेन्सी पाहायची. दिवा पेटतो पण आवाज नाही, तर डिजिटल मॉनिटर चालू करायचा. त्यात सेट टॉकग्रुप विचारत नाही. आता ऐकू आलं तर ग्रुपची यादी तपासायची, नाही आलं तर कलर कोड. एका वेळी एकच रकाना बदलायचा. दोन बदलले आणि चाललं, तर कशाने चाललं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या सेटला पुन्हा श्रीगणेशा.

अश्विनात बालाजीचा रथ निघतो, तेव्हा स्वयंसेवकांचे सेट येतात. त्यांना परवाना नसतो, म्हणून ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले, अर्ध्या वॅटचेच हवेत. ऑनलाइन मागवलेला पाच वॅटचा सेट त्या पट्ट्यावर लावून द्या म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो आणि सेट परत देतो. वॅट वाढवून गल्लीतल्या भिंती बाजूला होत नाहीत, हेही सांगतो; ते कुणाला पटत नाही. रथाला अर्धा वॅट पुरतो, फक्त एक माणूस सेट घेऊन चौकातल्या उंच गच्चीवर बसवावा लागतो. तो खालचं वर ऐकतो आणि पुढच्यांना सांगतो.

चॅनल तीनच ठेवतो. चाळीस चॅनल भरलेला सेट गर्दीत निरुपयोगी. अंगठ्याचा धक्का लागून नॉब फिरला की माणूस हरवला. म्हणून वापरायचे नसलेले सगळे खाने मी पहिल्या चॅनलनेच भरून टाकतो. नॉब कुठेही थांबो, माणूस सापडतो. टाइमआउट, म्हणजे एका दमात बोलायची मुदत, तीस सेकंदांची, कारण बटण दाबून देवाचा जयघोष करणारेही असतात.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवतो तो बोलण्याच्या परवानगीच्या ‘टुक’वर. डिजिटल सेट बटण दाबल्यावर क्षणभर तयारी करतो आणि तेवढ्यात बोललेलं अक्षर गिळतो. काही सेटमध्ये हा टोन मुळात बंद असतो, तो चालू करतो. ‘टुक’ ऐकल्यावर बोला, आणि बोलून झाल्यावर मनात एक म्हणून मग बटण सोडा, एवढंच सांगतो. रथाच्या चाकाला मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, लावणारे पुढे असतात, दोर ओढणारे त्यांच्याही पुढे. ‘ओढू नका’ म्हणताना घाईने बटण सुटलं, तर दोरावरच्या पोरांना ‘ओढू’ एवढंच ऐकू येतं. त्यामुळे आमच्या सेटवर ‘नका’ हा शब्द बंद आहे. थांबवायचं असेल तर ‘थांबा, थांबा, थांबा’. पहिला गेला, शेवटचा गेला, तरी मधला पोचतो.