गोळी माझी, तपासण्या तिच्या?

'काय गं, गुड न्यूज कधी?' लग्नाला दोन वर्षं झाली की हा प्रश्न येतोच. आणि तो हमखास बायकोलाच विचारला जातो. आमच्याकडेही तेच झालं. हिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल! शेवटी हिनंच डॉक्टरांना विचारलं, ''हा फिट्ससाठी गोळी घेतो. त्याचा काही संबंध असेल का?''

हो, असू शकतो.

मला पहिली फिट अकरावीत आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. पुढे सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू झालं आणि गाडी रुळावर आली. गेल्या सात वर्षांत एकही फिट नाही. गोळीचे उपकार आहेतच. पण हीच गोळी काही पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या कमी करते, त्यांची हालचाल मंदावते. कार्बामाझेपिनमुळे शरीराला वापरता येणारं टेस्टोस्टेरॉन कमी होऊ शकतं. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही. ब्रिटनमध्ये मात्र जानेवारी २०२४ मध्ये नियम आला, की ५५ वर्षांखालच्या स्त्री किंवा पुरुषाला व्हॅल्प्रोएट नव्यानं सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांची संमती हवी. त्यामागच्या कारणांत पुरुषांचं वंध्यत्वही आहे. आपल्याकडे मुलाला हे सांगतं कोण?

माझा रिपोर्ट आला. काउंट कमी. पहिला विचार आला, गोळ्या सरळ बंद कराव्यात. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, ''अजिबात नाही! अचानक बंद केल्यास तर फिट्स उलटतील, जिवावर बेतेल. डोस हळूहळू उतरवू आणि दुसरं औषध चढवू.'' बऱ्याच जणांना असा फरक पडतो. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून पुढची टेस्ट त्यानंतरच.

तोवर बाइक बंद. असाइनमेंटला रिक्षानं जातो, रात्रीची जागरणं टाळतो. एका पारड्यात सात वर्षांची शांतता आणि दुसऱ्यात बाळ, असा हा हिशेब आहे. तो आम्ही दोघांनी मिळून मांडलाय.

तुम्हीही फिट्सची गोळी घेत असाल, तर बाळाचा विचार सुरू करण्याआधीच न्यूरोलॉजिस्टना गाठा. गोळी मनानं सोडू नका. आणि बायकोच्या तपासण्यांच्या यादीत पहिल्याच दिवशी स्वतःची एक टेस्ट घाला. साधी असते, सुईसुद्धा टोचत नाही!